लहरींना वळण लावणारी भिंगे

तेलगावी वसंतातील व्याख्यानास उभे राहावयाचे, तर विषय ऊस, पाणी, मजुरी यांपैकी एखादा असावा, अशी अपेक्षा सहज केली जाते. ती गैर नाही. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाने भिंगांवर बोलावे, याचे कोणास नवल वाटले तर तेही गैर नाही. आमच्यापाशी पदार्थविज्ञानाची पदवी नाही. जे शिकलो ते उसन्या पुस्तकांतून आणि कारखान्यांतील फिटर-वायरमन मंडळींच्या संगतीत शिकलो. तरीही हा विषय आम्ही हट्टाने निवडला आहे, आणि त्यास कारण आहे.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीस बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पाच-सहा महिने कोपीत राहतात. मागे गावी म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी पोरे राहतात. या दोन टोकांना जोडणारा धागा आज एकच आहे, आणि तो म्हणजे खिशातला फोन. फडात विळा-कोयता लागला, बाई बाळंतपणाला अडली, हिशेबात मुकादमाशी वाद पडला, की पहिला प्रश्न येतो तो "रेंज आहे का ?" हा. ज्या गोष्टीवर माणसाचा जीव अवलंबून राहू लागला, ती गोष्ट कशी चालते हे त्यास ठाऊक असू नये, ही आम्हांस एक प्रकारची वेठबिगारीच वाटते. म्हणून आज रेडिओलहरींना एका ठिकाणी गोळा करणाऱ्या आणि हव्या त्या दिशेस धाडणाऱ्या भिंगांविषयी, त्यांतही दोन विशेष जातींच्या भिंगांविषयी, चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

लहर म्हणजे मोर्चा

प्रकाश, नभोवाणीची लहर, फोनची लहर आणि रडारची लहर ही सगळी एकाच कुळातली भावंडे होत. सगळ्यांचा मोकळ्या जागेतील वेग सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर. फरक असतो तो लांबीचा. डोळ्यांना दिसणारी प्रकाशलहर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहूनही आखूड. फोनच्या १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर.

लहर वळते कशी, हे समजण्यास आम्हांस मोर्चासारखे दुसरे उदाहरण ठाऊक नाही. वीस-वीस माणसांची एक रांग, अशा शंभर रांगा एकामागून एक चालल्या आहेत. प्रत्येकाने शेजाऱ्याचा हात धरला आहे. आता डाव्या अंगाच्या माणसांचे पाय काळ्या चिकण मातीच्या चिखलात गेले आणि उजव्या अंगाची माणसे कोरड्या सडकेवर राहिली, तर काय होईल ? डावे अंग मंदावेल, उजवे पुढे जाईल. हात तर सुटलेले नाहीत. साहजिकच सगळी रांग डावीकडे वळेल. कोणी "वळा" म्हणून सांगितले नाही. वेगातील फरकानेच वळण दिले. लहर नेहमी मंद बाजूकडे वळते, हे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सगळे सोपे होईल.

एखाद्या पदार्थात लहर मोकळ्या जागेपेक्षा किती पट मंद चालते, त्या आकड्यास वक्रीभवनांक म्हणतात. पाण्याचा प्रकाशापुरता अंक १.३३, साध्या काचेचा सुमारे १.५. रेडिओलहरींनाही हाच नियम लागू आहे, हे जगास दाखवून देणाऱ्यांत आपले जगदीशचंद्र बसू अग्रभागी होते. कलकत्त्यास १८९५ च्या सुमारास त्यांनी काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या आणि गंधकासारख्या पदार्थांचा वक्रीभवनांक त्या लहरींकरिता मोजला. आज फोनच्या नव्या पिढीत ज्या आखूड लहरींचा बोलबाला आहे, त्यांच्याशी हा माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी खेळत होता.

चष्म्याच्या भिंगात काच सगळीकडे सारखीच असते. तेथे किरण दोनदाच वळतो, काचेत शिरताना आणि बाहेर पडताना. आत तो सरळ जातो. म्हणून सगळी करामत पृष्ठभागाच्या बाकात असते. परंतु चिखल एकदम सुरू न होता हळूहळू दाट होत गेला, तर मोर्चाला एका ठिकाणी झटका न बसता तो संथपणे, कमानीसारखा वळेल. ज्या पदार्थाचा वक्रीभवनांक ठिकठिकाणी क्रमाने बदलत जातो, त्याचे भिंग म्हणजे आमच्या विषयातील पहिली जात. त्यास आपण क्रमांकी भिंग म्हणू.

हवेचे भिंग

असे भिंग पाहण्यास प्रयोगशाळेत जावयास नको. वैशाखात माजलगावच्या डांबरी सडकेवर भर दुपारी उभे राहिले की पुरे. दूरवर सडकेवर पाणी साचल्याचा भास होतो. जवळ जावे तो काही नाही. हेच मृगजळ. तापलेल्या डांबरालगतची हवा विरळ होते, वरची तिच्या मानाने दाट असते. दाट हवेत प्रकाश किंचित मंद. म्हणून आकाशाकडून तिरपा खाली येणारा किरण मंद बाजूकडे, म्हणजे वर वळतो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. जे पाणी म्हणून दिसते, ते सडकेवर उतरलेले आकाश असते. हवेचा वक्रीभवनांक सुमारे १.०००३ एवढाच, त्यातील अगदी क्षुल्लक फरकानेही हे घडते, कारण किरण त्या हवेतून बराच लांबवर जातो.

उलट दिशेचा मासलाही आहे. साधारण परिस्थितीत उंचीबरोबर हवा विरळ आणि कोरडी होत जाते. रेडिओलहरींपुरता तिचा वक्रीभवनांक दर किलोमीटरला दहा लाखांत सुमारे ४० भागांनी उतरतो. म्हणून या लहरी जमिनीकडे किंचित वाकून चालतात. ४० मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून सपाट मुलखात सरळ रेषेने पाहिले, तर क्षितिज २२-२३ किलोमीटरवर येते. पण लहर वाकत असल्यामुळे ती सुमारे २६ किलोमीटरपर्यंत पोचते. हे तीन-साडेतीन किलोमीटर म्हणजे हवेच्या भिंगाने दिलेले दान होय.

हा उतार किलोमीटरला १५७ भागांपर्यंत गेला, तर लहरीचा बाक पृथ्वीच्या बाकाइतका होतो आणि लहर जमिनीचा पदर सोडीतच नाही. याचे जगप्रसिद्ध उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईस बसविलेल्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर उन्हाळ्याच्या दिवसांत हजार मैलांपलीकडच्या अरबस्तानच्या भूमीचे प्रतिध्वनी उमटत. पावसाळ्यापूर्वी अरबी समुद्रावर खाली दमट, थंड हवा आणि वर कोरडी, उष्ण हवा असा थर बसतो. त्या दोहोंमध्ये लहरींना जणू पाटच मिळतो. जेथे डोळ्याला वीस-पंचवीस मैलांपलीकडचे जहाज दिसावयाचे नाही, तेथे यंत्राला पलीकडचा किनारा दिसावा, हे हवेच्या भिंगाचेच काम.

माशाच्या डोळ्यातील युक्ती

निसर्गाने क्रमांकी भिंग हवेतच नव्हे, तर प्राण्यांच्या डोळ्यांतही घडविले आहे. माजलगाव धरणाचा मासा शिजविल्यावर त्याच्या डोळ्यातून वाटाण्याएवढी पांढरी टणक गोळी निघते, हे सर्वांनी पाहिले असेल. तेच त्याचे भिंग. आपल्या डोळ्यात किरण वळविण्याचे मोठे काम बाहेरचे पारदर्शक पटल करते. पण पाण्यात ते निरुपयोगी ठरते, कारण पाणी आणि पटल यांचा वक्रीभवनांक जवळजवळ सारखा. म्हणून माशाला सगळे काम भिंगाकडूनच करून घ्यावे लागते, आणि त्यासाठी ते पुरते गोल असते.

काचेच्या साध्या गोटीतून पाहिले तर कडेचे किरण एकीकडे आणि मधले दुसरीकडे जमतात. चित्र पुसट होते. माशाची गोटी मात्र तशी नसते. तिचा वक्रीभवनांक मध्यावर १.५ च्या आसपास असतो आणि कडेकडे कमी होत जातो. त्यामुळे सगळे किरण एकाच ठिकाणी जमतात. ते ठिकाण गोटीच्या मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे अडीच पट अंतरावर असते, हे मात्थीसेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दाखविले.

गणिताच्या अंगाने या वाटेवर पहिले पाऊल जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८५४ साली, तेविशीच्या उंबरठ्यावर असताना टाकले. विद्युच्चुंबकीय लहरींचा सिद्धांत पुढे ज्याने मांडला, तोच हा गृहस्थ. त्याने अशा गोळ्याचे सूत्र दिले, की त्याच्या पृष्ठावरील कोणत्याही बिंदूतून निघालेला प्रत्येक किरण बरोबर समोरच्या बिंदूस जाऊन मिळावा. त्याचे नावच मुळी "माशाचा डोळा" असे पडले. त्या गोळ्याच्या मध्याचा वक्रीभवनांक कडेच्या दुप्पट असतो.

लुनेबर्गचा गोळा

अँटेनाला मात्र वेगळे काही हवे असते. अँटेनाच्या तोंडाशी एक लहानसा लहर सोडणारा असतो. त्याच्यापासून लहर पाण्यातील तरंगासारखी वर्तुळाकार पसरते. अशी पसरलेली लहर दूर जाता जाता क्षीण होते. ती एका दिशेस नेट धरून जावयाची, तर वाकड्या रांगा सरळ केल्या पाहिजेत. म्हणजे पसरत्या घोळक्याचा शिस्तबद्ध मोर्चा झाला पाहिजे.

ही अडचण रूडोल्फ लुनेबर्ग याने सोडविली. जर्मनीत शिकलेला हा गणिती पुढे अमेरिकेत गेला आणि १९४४ साली तेथील ब्राउन विद्यापीठात त्याने प्रकाशशास्त्राच्या गणितावर व्याख्याने दिली. त्या व्याख्यानांची चक्रमुद्रित टिपणेच प्रथम लोकांच्या हाती गेली; रीतसर छापील ग्रंथ निघाला तो १९६४ साली, लुनेबर्ग वारल्यावर पंधरा वर्षांनी. व्याख्यानमालेचे पुस्तक काढून काय होते, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

लुनेबर्गचे सूत्र तोंडी सांगता येईल इतके सुटसुटीत आहे. मध्यापासूनचे अंतर त्रिज्येच्या किती पट आहे ते घ्यावे, त्याचा वर्ग करावा, तो २ मधून वजा करावा. बाकीचे वर्गमूळ म्हणजे त्या ठिकाणचा वक्रीभवनांक. मध्यावर अंतर शून्य, म्हणून २ चे वर्गमूळ १.४१. अर्ध्या त्रिज्येवर १.७५ चे वर्गमूळ १.३२. कडेवर १ चे वर्गमूळ १, म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच. कडेशी हवा आणि गोळा यांत फरकच नसल्यामुळे लहर आत शिरताना आदळून परत फिरत नाही, हा मोठाच लाभ.

या गोळ्याच्या कडेला कोठेही लहर सोडली, की पलीकडून ती सरळ, समांतर होऊन बाहेर पडते. हे खरे कशावरून ? आपण दोन वाटांचा हिशेब करू. एक किरण मध्यातून आरपार जातो. अंतर दोन त्रिज्या. पण वाटेत तो मंदावतो. मंदपणा हिशेबात धरून बेरीज केली, तर ही वाट त्रिज्येच्या २.५७ पट भरते. दुसरा किरण गोळ्याच्या अगदी कडेकडेने, चिखल मुळीच न तुडविता, पाव वर्तुळ फिरतो. ते अंतर त्रिज्येच्या १.५७ पट. तेथून तो सरळ पुढे निघतो आणि गोळ्याच्या पलीकडच्या टोकाशी उभ्या कल्पिलेल्या सपाट रेषेपर्यंत आणखी एक त्रिज्या चालतो. बेरीज २.५७. एक मधून गेला, एक कडेने गेला, एकाला चिखल लागला, दुसऱ्याला फेरा पडला; पण दोघे रेषेवर एकाच क्षणी हजर ! मधल्या सगळ्या किरणांचीही हीच गोष्ट. रांग सरळ झाली ती अशी.

आणखी एक गुण. गोळा सर्व बाजूंनी सारखाच असल्यामुळे लहर सोडणारा कडेवर दुसरीकडे सरकविला, तर पलीकडचा झोत तितकाच फिरतो. गोळा हलवावा लागत नाही. कडेवर एकाच वेळी दहा सोडणारे बसविले, तर दहा दिशांना दहा झोत निघतात, आणि प्रत्येकाला सबंध गोळ्याचा लाभ मिळतो.

पलीकडच्या अर्ध्या अंगावर धातूचा पत्रा चढविला, तर तो गोळा येईल त्या दिशेस लहर परत धाडतो. लहान होड्या रडारला दिसाव्यात म्हणून असे गोळे वापरतात. गंमत अशी, की रडारला न दिसणारी म्हणून जी लढाऊ विमाने बांधली, त्यांनाही शांततेच्या काळात इतरांना दिसावे म्हणून हेच भिंग बाहेरून लावतात.

कागदावरून कारखान्यात

सूत्र सुटसुटीत आहे. पण मध्याकडे क्रमाने घट्ट होत जाणारा पदार्थ आणावयाचा कोठून? येथे गणिती थांबतो आणि कारागीर पुढे येतो. जुनी रीत कांद्याची. थर्माकोल ज्या प्लॅस्टिकचा होतो, त्यास फुगवून कमीअधिक घट्ट करता येते. घट्ट केले की लहर अधिक मंद, विरळ केले की हवेजवळ. अशा वेगवेगळ्या घट्टपणाच्या वाट्या एकात एक बसवून गोळा करावयाचा. पातळ्या जितक्या जास्त, तितका उतार मऊ. पण दोन वाट्यांमध्ये हवेची फट राहिली किंवा डिंकाचा जाड लेप बसला, की लहर तेथे ठेचकाळते. दुसरी रीत भोकांची. घट्ट प्लॅस्टिकात लहरीच्या लांबीपेक्षा पुष्कळ लहान भोके पाडावयाची, मध्याकडे कमी आणि कडेकडे जास्त. लहरीला एकेक भोक जाणवत नाही. तिला प्लॅस्टिक आणि हवा यांची सरासरीच जाणवते. आता थरावर थर ओतून वस्तू छापणारी यंत्रे निघाल्यापासून ही रीत पुष्कळ सोपी झाली आहे.

आकार किती धरावा ? झोत जितका निमुळता हवा, तितके भिंग लहरीच्या लांबीच्या मानाने रुंद लागते. १० सेंटिमीटरची लहर आणि १ मीटर रुंद भिंग असेल, तर झोत सहा-सात अंशांचा होतो. तो निम्मा करावयाचा तर रुंदी दुप्पट, आणि गोळ्याची रुंदी दुप्पट केली की वजन आठपट. शिवाय प्लॅस्टिकात लहरीची काही शक्ती उष्णता होऊन वाया जाते. लहर आखूड होत जाते तसतशी ही गळती अधिकच बोचते.

घमेल्याचे भिंग

या गळतीवर जी तोड निघाली, ती आम्हांस सगळ्यांत मनोहर वाटते. तोड अशी, की लहरीला मंद करावयाचेच नाही. तिची वाटच लांब करावयाची.

तेलगावाहून धारूरकडे निघालेल्या माणसाला हे निराळे सांगावयास नको. नकाशावर अंतर थोडे दिसते, पण वाटेत घाट आहे. चढउताराची वाट पायांना मोजावी लागते. वेळ लागला तो चिखलामुळे नव्हे, डोंगरामुळे. लहरीला तरी फरक काय कळतो ? उशीर झाला म्हणजे झाला.

धातूचे दोन पत्रे एकावर एक, मधे बारीक फट ठेवून धरले, तर लहर त्या फटीतून सरपटते. फट लहरीच्या लांबीच्या निम्म्याहून कमी ठेवली, म्हणजे ती शिस्तीत एकाच रीतीने चालते. आता हे दोन्ही पत्रे मधोमध घुमटासारखे फुगविले, तर लहरीला घुमटावरून जावे लागते. घुमटावर सरळ रेष नसते. पण दोन ठिकाणांमधली सर्वांत आखूड वाट असते. उपड्या घमेल्यावर दोरी ताणून धरली, तर दोरी आपण होऊन जी वाट धरते, तीच ही. भूमितीत तिला अल्पतम रेषा म्हणतात, आणि अशा भिंगास अल्पतमरेषीय भिंग. फटीत नुसती हवाच असल्यामुळे प्लॅस्टिकातील गळती येथे नाही.

घुमटाचा आकार कोणता असावा, हे अमेरिकेतील रिनहार्ट याने १९४८ साली प्रसिद्ध केले. रडारचा झोत झपाट्याने इकडून तिकडे फिरविण्याची तेव्हा निकड होती. त्याच्या उत्तरातील सौंदर्य असे सांगता येईल. दोन टोके घ्या. पहिले टोक सपाट ताटलीचे : तिच्यावर लहर पसरतच जाते, भिंगाचे काम शून्य. दुसरे टोक पुऱ्या अर्धगोलाचे : त्याच्या कडेवरील एका बिंदूतून निघालेल्या सगळ्या वाटा, पृथ्वीवरील रेखावृत्ते एका ध्रुवाहून निघून दुसऱ्या ध्रुवास मिळावीत तशा, समोरच्या बिंदूस मिळतात. म्हणजे अर्धगोल हा मॅक्सवेलच्या माशाच्या डोळ्याचा जुळा भाऊ. आपल्याला हवे आहे ते या दोहोंच्या मधले : किरण पसरूही नयेत आणि एकत्रही येऊ नयेत, समांतर जावेत. आणि उत्तर खरोखरच बरोबर मधले निघते ! शिखरापासून घुमटावरून मोजलेले अंतर, प्रत्येक जागी, ताटलीवरचे अंतर आणि अर्धगोलावरचे अंतर यांची सरासरी असावे, बस्स.

पडताळा पाहू. ताटलीवरून आरपार अंतर २ त्रिज्या, अर्धगोलावरून ३.१४ त्रिज्या, सरासरी २.५७. लुनेबर्गच्या गोळ्यात मधून जाणाऱ्या किरणाचा हिशेबही २.५७ च आला होता. एकाने चिखल घातला, दुसऱ्याने डोंगर उभा केला, उशीर तोच.

हा घुमट अर्धगोलापेक्षा बसका असतो. उंची त्रिज्येच्या सुमारे ०.६३ पट. १ मीटर रुंदीचा केला, तर उंची सुमारे ३२ सेंटिमीटर, आणि शिखरावरून जाणारी वाट सुमारे १२८ सेंटिमीटर. घमेल्यापेक्षा खोल, घागरीच्या बुडापेक्षा उथळ. कडेशी मात्र त्याची भिंत सरळ उभी येते. तेथून लहरीला आडवी बाहेर काढावयाची, तर काटकोनात वळवावे लागते, आणि तीक्ष्ण कोपऱ्यावर लहर आपटून परतते. म्हणून तो कोपरा गोलसर करतात आणि त्यामुळे हिशेबात पडलेला फरक घुमटाच्या आकारात भरून काढतात. उंची अडचणीची झाल्यास घुमटाला वर-खाली घड्या घालता येतात. चढ काय, उतार काय, वाटेची लांबी तीच राहते.

या घुमटाची एक मर्यादा सांगितली पाहिजे. गोळा झोताला आडवे आणि उभे, दोन्ही अंगांनी निमुळता करतो. घुमट फक्त आडव्या अंगाने. उभ्या अंगाने त्याचा झोत पंख्यासारखा पसरतो. त्यावर तोड म्हणून एकावर एक अनेक घुमट रचावे लागतात.

आणि हे काम कोणाचे ? २०२२ सालच्या लिलावात आपल्या देशात फोनसाठी २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही निघाला. तेथील लहर साडेअकरा मिलिमीटरची, म्हणजे बोटाच्या रुंदीहून आखूड. अशा लहरीकरिता पत्र्यांमधली फट दोन-तीन मिलिमीटरची, आणि घडणीत अर्ध्या मिलिमीटरची चूकही जाणवणारी. पुण्याच्या तांबट आळीत ठोक्यांनी भांड्याला आकार देणारे हात आणि लेथवर सुतागणिक माल उतरविणारा टर्नर, यांच्याच जातीचे हे कौशल्य आहे. गणित लुनेबर्गचे आणि रिनहार्टचे खरे. पण कागदावरच्या सूत्रातून लहर जात नाही, ती पत्र्यातून जाते.

आरसा की भिंग ?

येथे कोणी विचारील, की नारायणगावाजवळ खोडदला जगप्रसिद्ध दुर्बीण आहे, तेथे तर भिंग नाही. खरे आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या त्या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. त्या आरसे आहेत. ताणलेल्या बारीक तारांच्या जाळीचे. तेथील लहरी लांब, म्हणून जाळीच्या भोकांतून त्या निसटत नाहीत, वारा मात्र निसटतो, आणि सांगाडा हलका राहतो. ४५ मीटरचा भरीव गोळा करावयाचा म्हटले, तर तो डोंगरच होईल. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी या शतकाच्या आरंभी एका मोठ्या दुर्बिणीसाठी लुनेबर्गच्या गोळ्यांचा गंभीरपणे विचार केला होता. पण शेवटी ती योजना त्यांनी धरली नाही.

उलट थाळीला नजर फिरवावयाची तर सबंध थाळी फिरवावी लागते, आणि ती एका वेळी मुख्यतः एकाच दिशेस नीट पाहते. म्हणून दूरचा एकच तारा पाहावयाचा तर आरसा; जवळपासच्या अनेक दिशांकडे एकदम लक्ष ठेवावयाचे तर भिंग. हत्यार कामावरून ठरते, कोयत्याने कोणी लाकूड रंधीत नाही.

झोत कोणाच्या अंगणात ?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गर्दीत फोन का लागत नाही ? पुष्कळदा लहर पोचत असते. पण एका झोताखाली जितकी माणसे येतात, त्या सर्वांना तेवढाच पट्टा वाटून घ्यावा लागतो. एका विहिरीवर शंभर पोहरे, तसे. त्याच मनोऱ्यावर एका रुंद झोताऐवजी दहा निमुळते झोत निघाले आणि एकमेकांत मिसळले नाहीत, तर तोच पट्टा पुन्हा पुन्हा वापरता येतो. अमेरिकेत क्रीडांगणांवर आणि मोठ्या मेळ्यांत फोनसाठी लुनेबर्गच्या जातीची भिंगे याकरिताच लावली गेली.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भिंग शक्ती निर्माण करीत नाही. एका दिशेस झोत बळकट झाला, तर दुसऱ्या दिशेस तितका उणा झाला. आहे ते वाटून देण्याचे ते साधन आहे. कोणत्या आकाराने कोणता झोत पडेल, हे गणित सांगते. पण तो झोत क्रीडांगणावर पडावा की कोप्यांच्या माळावर, हे कोणत्याच सूत्रात लिहिलेले नाही. ते माणसे ठरवितात. "यंत्राला तेवढेच जमते" असे उत्तर जेव्हा ऐकावयास मिळते, तेव्हा त्यातील किती भाग यंत्राचा आणि किती हिशेबवहीचा, हे विचारण्याइतके ज्ञान आपल्यापाशी असले पाहिजे. गिरणीतील विणकराला मागाची गती ठाऊक होती, म्हणूनच त्याला कामाच्या वाढीव बोजाविरुद्ध नेमके बोलता आले. ऊसतोड्याला वजनकाट्याची रीत कळते, तेव्हाच त्याला टनामागे पडलेली तूट दिसते. लहरींचेही तसेच आहे.

तेलगावच्या शाळांतील मुलांना आमचे एक सांगणे आहे. एक उपडे घमेले, एक दोरी आणि एक फूटपट्टी घ्या. कडेवर एक खूण करा आणि तेथून कडेवरील निरनिराळ्या बिंदूंपर्यंत दोरी ताणून ती कोणती वाट धरते ते खडूने आखा. दोरी कधी शिखराजवळून जाईल, कधी शिखराला वळसा घालील. चढाचा त्रास आणि फेऱ्याचा त्रास यांची ती स्वतःच तोलामापाने निवड करील. मग त्या वाटा मोजा. रिनहार्टच्या निबंधात जे आहे, त्याचे बीज या खडूच्या रेघांत आहे. ज्याला त्या रेघा कळल्या, त्याला पुढचे गणित शिकताना भीती वाटणार नाही.

ज्ञान ही मूठभरांची मिरास नव्हे, असे आपण सभांतून पुष्कळदा म्हणतो. पण नुसते म्हणून ती मिरास मोडत नाही. एकेक विषय हाती घेऊन, तो आपल्या भाषेत, आपल्या मातीतील दाखल्यांनी समजून घेतला, तरच मोडते. लहरींना वळण लावण्याची विद्या माणसाने माशाच्या डोळ्यापासून उचलली आणि घुमटापर्यंत आणून पोचविली. त्या विद्येचा झोत आपल्याकडे वळवून घेणे, हे काम आता आपले आहे. आणि ते एकट्याने होणारे नाही, हात धरलेल्या रांगेनेच होणारे आहे.